चिनी मालीश आणि सुजलेली पोटरी

आमच्या वरणगावात एका मंगल कार्यालयात चिनी मालिशीचे शिबिर भरले, आणि खुब्याच्या अस्थिभंगामुळे दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या माझ्या थोरल्या भगिनीस, अक्कास, भाचा तेथे घेऊन गेला, तेव्हा तिची डावी पोटरी उजवीहून फुगलेली असून हातास ऊन लागते, हे मी तेथे मालीश करणाऱ्या इसमाच्या आरंभीच नजरेस आणले होते. "काका, ऊर्जेचा मार्ग अडलाय, मोकळा केला की सूज उतरेल," एवढाच त्याचा खुलासा, माझी हरकत धुडकावून त्याने अंगठ्यांनी पोटरी खालून वर रगडावयास घेतली, आणि अक्का कण्हू लागली तेव्हा, दुखणे हे गुण येण्याचेच लक्षण, असे सांगून दाब अधिकच वाढविला. मीच तिला तेथून उठविले. भुसावळास रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली, तीत खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. चोळताना ती सुटून फुप्फुसात जाती तर प्राणावर बेतले असते, असे डॉक्टर म्हणाले, त्या क्षणी त्या इसमाचे ते अंगठे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तो संताप अद्याप शमलेला नाही. पुढे जाब विचारला तर म्हणतो, "आजींचा आजार जुनाच होता." पैशांची पावतीही दिली नाही.

त्याहून चीड येते ती त्याने भिंतीवर टांगलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या तसबिरीची. सोलापूरचे कोटणीस 1938 साली चीनला गेले ते वैद्यकीय पथकातील शल्यचिकित्सक म्हणून, आणि 1942 साली तेथेच निवर्तले. जखमी सैनिकांवर अहोरात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या त्या पुरुषाचे नाव असल्या धंद्याची सनद व्हावे काय? खुद्द चीनमध्ये तुइना हे मर्दनशास्त्र वैद्यकीय विद्यापीठांत रीतसर शिकवितात. ताजा अस्थिभंग, ज्वर वा गुठळीचा संशय असता मर्दन वर्ज्य समजतात. माझी फिर्याद शास्त्राविरुद्ध नाही.

म्हणून सांगतो, एकाच पायास सूज, ऊब व वेदना असतील, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर अथवा दीर्घ शय्येनंतर, तर त्या पायास कोणासही हात लावू देऊ नये, प्रथम डॉक्टर. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांच्या पाठीस झटके देऊ देऊ नयेत. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, परंतु त्याच्या आधारे कोणीही मालीशवाला आपोआप डॉक्टर ठरत नाही. नोंदणीचा दाखला मागावा. बाकी चार ठिकाणी चौकशी करावी, हे तर सर्वांस ठाऊकच आहे.

मी लेखी तक्रार केली आहे. त्या शिबिरात ज्यांना इजा झाली असेल, त्यांनीही आपली कैफियत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी रुजू करावी.