पोर्टफोलिओ नंतर, आधी वही दाखव

ग्राफिक डिझाईन म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर ऑस्ट्रेलियातलं सिगारेटचं पाकीट बघा, असं सांगितलं की पालक दचकतात. पण त्याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. डिसेंबर २०१२ पासून त्या देशात सगळ्या कंपन्यांच्या सिगारेटी एकाच मळकट तपकिरी पाकिटात विकल्या जाऊ लागल्या. लोगो नाही, चकचकीतपणा नाही. ब्रँडचं नाव सगळ्यांना एकाच साध्या फाँटमध्ये, ल्युसिडा सान्समध्ये, आणि दर्शनी भागाचा पाऊण हिस्सा धोक्याच्या इशाऱ्याला. रंग कुणा साहेबाच्या आवडीने ठरला नव्हता. सिगारेट ओढणाऱ्यांनाच वेगवेगळे रंग दाखवून कोणतं पाकीट सगळ्यात नकोसं वाटतं हे तपासलं गेलं आणि पँटोन ४४८ सी हा रंग निवडला गेला. आधी त्याला 'ऑलिव्ह ग्रीन' म्हणत होते. ऑलिव्ह पिकवणाऱ्यांनी हरकत घेतली, मग नाव बदललं.

इथे डिझाईन करणाऱ्याचं यश पाकीट कुरूप दिसण्यात होतं. 'मुलीचा हात चांगला आहे, म्हणून डिझाईनला घालतो' म्हणणाऱ्या आईवडिलांनी यावर थोडं थांबावं. चांगला हात उपयोगी पडतो, पण या धंद्यात पैसे मिळतात ते निर्णयाचे. हाच रंग का, अक्षर एवढंच मोठं का, ही ओळ वर का आणि ती खाली का, याची उत्तरं देता येणं हे खरं शिक्षण.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अकरावी-बारावीला व्हिज्युअल कम्युनिकेशन डिझाईन हा विषय घेता येतो. त्यात विद्यार्थ्याला आधी ब्रीफ लिहावं लागतं: गिऱ्हाईक कोण, त्याची गरज काय, वापरणार कोण. मग शोधाशोध, कच्ची रेखाटनं, वर्गासमोर मांडणी, टीका, पुन्हा रेखाटनं आणि शेवटी एकाच ब्रीफमधून दोन वेगळी कामं. बेकरीसाठी खोका आणि त्याच बेकरीच्या दुकानाची आतली रचना, असं काहीसं. गुण शेवटच्या चित्राला मिळतात तसे या सगळ्या वाटचालीलाही मिळतात. मेलबर्न म्युझियममध्ये 'टॉप डिझाइन्स' नावाचं प्रदर्शन दरवर्षी भरतं. बारावीच्या निवडक मुलांची कामं तिथे फोलिओच्या, म्हणजे या वाटचालीच्या वहीच्या, पानांसकट मांडलेली असतात. मेलबर्नमध्ये राहत असाल तर एखाद्या शनिवारी मुलाला घेऊन जा आणि तयार वस्तूंपेक्षा त्या पानांपाशी जास्त वेळ उभे राहा.

विद्यापीठ प्रवेशासाठी विषयांच्या गुणांचं स्केलिंग होतं, त्यात या विषयाचे गुण खाली येतात आणि स्पेशालिस्ट मॅथ्सचे वर जातात, हे तिथल्या आपल्या मराठी पालकांना मुलांच्या आधी पाठ असतं. भीती खोटी नाही. तरीही ज्या मुलाला हेच करायचं आहे त्याने हा विषय सोडू नये, असं माझं मत आहे. विद्यापीठातले काही डिझाईन अभ्यासक्रम गुणांबरोबर फोलिओ किंवा निवडीसाठी वेगळं काम मागतात, आणि तिथे दोन वर्षांच्या या वह्या कामी येतात.

वहीत काय असावं? चुकलेलं आणि टाकून दिलेलं जास्त असावं. चुकलेलंही कामाचं असतं, याचं एक उदाहरण: मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने २०१८ मध्ये 'सान्स फर्गेटिका' नावाचा फाँट काढला. टायपोग्राफर स्टीफन बॅनहॅम आणि वर्तनशास्त्राचे अभ्यासक एकत्र बसले होते. अक्षरं उलटी, म्हणजे डावीकडे झुकलेली, आणि मधून मधून तुटलेली. कल्पना अशी की वाचायला जरा कष्ट पडले तर मजकूर लक्षात राहील. त्यांनी सुमारे चारशे विद्यार्थ्यांवर चाचणी घेतली, निकाल बरा आला आणि जगभर बातम्या झाल्या. २०२० मध्ये वॉरिक आणि वायकाटो विद्यापीठांतल्या संशोधकांनी पुन्हा तपासलं तर स्मरणशक्तीला फायदा दिसला नाही. मला हे प्रकरण फार आवडतं. एका अक्षराच्या वळणाबद्दल कुणीतरी तपासता येईल असा दावा करतं, दुसरा तो तपासतो आणि खोडतो. नाहीतर 'छान दिसतंय' आणि 'नाही आवडलं' यापलीकडे डिझाईनची चर्चा जातच नाही. विद्यार्थ्याच्या प्रकल्पातही शेवटी एक पान असावं: पाच माणसांना दाखवलं, तिघांना दार कुठल्या बाजूला ते कळलं नाही, म्हणून बाण बदलला.

आणखी एक उदाहरण खिशातलं. २०१६ मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पाच डॉलरच्या नव्या नोटेवर दोन्ही लांब कडांना एकेक उंचवटा आहे. दहाच्या नोटेला दोन-दोन, वीसच्या नोटेला तीन-तीन. नाताळात भेट मिळालेल्या नोटा ओळखता येत नाहीत म्हणून एका अंध शाळकरी मुलाने मोहीम चालवली, त्यातून ही सोय झाली. एआय आता मिनिटात पन्नास लोगो काढून देतं, मग आमच्या मुलाचं काय, असं विचारणाऱ्यांना मी ही नोट दाखवतो. तो उंचवटा हवा हे कुणाला तरी आधी सुचावं लागतं, आणि ते डोळे मिटून नोट चाचपल्याशिवाय सुचत नाही. नुसते साचेबंद लोगो आणि फ्लायर करून पोट भरणाऱ्यांची मात्र अडचण होणार आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

आपल्या मुलांकडे एक भांडवल आहे, ते घरात कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांना देवनागरी वाचता येते. आर. के. जोशींनी आपल्या संगणकांवरचा 'मंगल' फाँट घडवला, कमल शेडग्यांनी मराठी नाटकांच्या नावांना चेहरे दिले, आज मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' फाँट कुणालाही फुकट वापरता येतो. इंग्रजी आणि मराठी एकाच पानावर सारख्या वजनाने बसवून दाखवणारा प्रकल्प मेलबर्न-सिडनीच्या वर्गात सहसा दुसरा कुणी आणणार नाही. तिथल्या मराठी मंडळाचं गणेशोत्सवाचं पोस्टर हा त्यासाठी उत्तम सराव: समितीत नऊ मतं, प्रायोजकांचे लोगो, आणि छपाईला द्यायची तारीख कालची. एकदा फुकट करून द्यावं. दर वर्षी फुकट करून घेणाऱ्या काका-काकूंना मात्र मुलाने नम्रपणे दर सांगावा. फुकट कामाविरुद्ध तिथली डिझायनरांची संघटना एजीडीए स्वतःच बोलत असते.

एक सावधगिरी. ऑस्ट्रेलियन वाटावं म्हणून आदिवासींची ठिपक्यांची नक्षी उचलून पोस्टरवर डकवू नये. ती कुणाच्या तरी कुळाची, जागेची गोष्ट असते. हॅरल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये तयार केलेल्या ॲबोरिजिनल ध्वजाचा कॉपीराइट सरकारने थेट २०२२ मध्ये दोन कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतला, एवढं हे प्रकरण गंभीर आहे.

पुण्या-नागपुरातून मुलाला बारावीनंतर थेट तिकडे पाठवायचा विचार करणाऱ्यांना मी सहसा 'थांबा' म्हणतो. विद्यार्थी व्हिसाचा अर्जच जुलै २०२५ पासून २,००० डॉलरचा झाला, शिवाय वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, आणि फी वेगळीच. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, त्यात फी निघत नाही. इथे महाराष्ट्रात एएसी सीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन उपयोजित कला करावी किंवा यूसीड, एनआयडी या डिझाईनच्या प्रवेशपरीक्षा द्याव्यात, दोन वर्षं एखाद्या स्टुडिओत घासावं आणि मग तिकडे मास्टर्सला जावं. तोवर मुलाला आपल्याला नेमकं पॅकेजिंग करायचंय, साइनेज की ॲप, हे कळलेलं असतं. डिझाईनवर कायम वास्तव्य मिळेलच असं गृहीत धरून कर्ज काढू नये. व्यवसायांच्या याद्या बदलतात, त्या सरकारी संकेतस्थळावरच बघाव्यात, एजंटाच्या पत्रकावर नव्हे.

तिथेच वाढलेल्या मुलांसाठी टेफ या सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थांचा डिप्लोमाही वाईट नाही, आपल्या घरांत त्याला उगीच नाक मुरडतात. 'फिनिश्ड आर्टिस्ट' नावाची नोकरी ऑस्ट्रेलियात असते: दुसऱ्याचं डिझाईन छपाईला बिनचूक तयार करून देणारा माणूस. ग्लॅमर शून्य, पण स्टुडिओचा सगळा कारभार आतून कळतो. आणि मेलबर्नमध्ये साधारण ऑगस्टच्या सुमारास विद्यापीठांचे ओपन डे असतात, तेव्हा माहितीपत्रकं गोळा करत फिरण्यापेक्षा शेवटच्या वर्षातला एखादा विद्यार्थी गाठावा, आणि तुझ्या वर्गातले किती जण आत्ता कुठे इंटर्नशिप करतात, हे सरळ विचारावं.