जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : खोलण्यापूर्वी काय पाहावे?

माल वाहून पोट भरणाऱ्या छोट्या धंदेवाल्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची गाडी. आखाती देशांत कोकणातील आपले अनेक बांधव ड्रायव्हर किंवा मेकॅनिक म्हणून काम करतात. तेथे जुन्या अमेरिकन पिकअप बघायला मिळतात आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. आपल्याकडील बहुतेकांचा हात मात्र हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांवर बसलेला. त्यामुळे गाडी ओढेनाशी झाली आणि मिस्त्रीने "गिअरबॉक्स गेला" म्हटले, की माणूस घाबरून मोठ्या खर्चाला होकार देतो. वास्तविक, दोष कधी कधी एखाद्या केबलचा किंवा रबरी नळीचा असतो. म्हणून स्वस्त तपासणी आधी व गिअरबॉक्स खोलणे शेवटी, हा क्रम सोडू नये.

या गिअरबॉक्सचे सारे काम ऑइलच्या दाबावर चालते. इंजिनबरोबर फिरणारा पंप ऑइलला दाब देतो व त्या दाबाने आतील क्लच प्लेटा आवळल्या जातात. दाब कमी पडला की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापल्या की जळतात. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील तपासणी समजण्यास सोपी जाईल.

1) ऑइलची पातळी : गाडी चालवून गरम करावी व सपाट जागी उभी करावी. ब्रेक दाबून लिव्हर सर्व खाचांतून फिरवावा. नंतर इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक पाहावी. शेवरले व फोर्ड पिकअपमध्ये लिव्हर 'पार्क'वर, तर जुन्या डॉजमध्ये 'न्यूट्रल'वर ठेवतात. ऑइल कमी असणे जसे वाईट, तसे जास्त असणेही वाईट. जास्त ऑइलला फेस येतो व दाब पडतो.

2) रंग व वास : चांगले ऑइल लाल व पारदर्शक असते. काळपट रंग व जळका वास म्हणजे प्लेटा जळू लागल्या; नुसते ऑइल बदलून जळलेल्या प्लेटा पुन्हा नव्या होत नाहीत. ऑइल दुधी गुलाबी दिसल्यास गाडी तेथेच थांबवावी. रेडिएटरमधील ऑइल कूलर फुटून पाणी आत शिरले असण्याचा संभव असतो.

3) केबल व नळी : जनरल मोटर्सचा '700आर4' हा चार गिअरचा गिअरबॉक्स 1982 साली आला. त्याला कार्बोरेटरपासून एक टीव्ही केबल येते. ही केबल केवळ गिअर बदलण्यासाठी नाही, ऑइलचा दाबही तीच ठरवते. कार्बोरेटर बदलताना ती सैल राहिली, तर चांगला गिअरबॉक्सही थोड्याच दिवसांत जळतो. 'टीएच350' किंवा फोर्डच्या 'सी6' मध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. गिअर उशिरा व धक्क्याने पडत असतील, तर त्याची रबरी नळी काढून पाहावी. नळीत ऑइल आढळले तर आतील पडदा फाटला आहे असे समजावे. अशा वेळी खाली थेंब न पडताही ऑइल घटते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. हा भाग छोटा असून बाहेरूनच बदलता येतो.

4) पॅन व फिल्टर : पॅन उतरवताना स्वतः हजर राहावे. तळाशी थोडी करडी धूळ असणे नेहमीचे आहे. चकाकणारे धातूचे कण किंवा प्लेटांचे काळे तुकडे दिसले, तर मात्र गिअरबॉक्स खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

खोलायचेच ठरले, तर कोणते भाग बदलणार, टॉर्क कन्व्हर्टर बदलणार की नाही, कूलर व त्याच्या नळ्या साफ करणार की नाही आणि गॅरंटी किती महिन्यांची, हे कागदावर लिहून घ्यावे. कूलरमध्ये जुना कचरा राहिला, तर नवे काम त्याच कचऱ्याने बिघडते. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर गाडी ठेवावी की विकावी याचा हिशेब आधीच करावा.

गाडी बंद पडल्यास मागील चाके जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नये. इंजिन बंद असले की पंप बंद, आणि आतील भाग कोरडेच फिरतात. एकतर मागील चाके उचलावीत किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवावा.

जुनी पिकअप विकत घेताना ती थंड असताना चालू करून पाहावी व गरम झाल्यावर पुन्हा पाहावी. ब्रेक दाबून 'ड्राइव्ह' व 'रिव्हर्स' टाकल्यावर गाडीने एक-दोन सेकंदांत पकड घेतली पाहिजे. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी जागची हलत नाही, असे दिसल्यास सौदा कितीही स्वस्त असो, हात आखडता घ्यावा. कष्टाची कमाई अशा गाडीत अडकली, की ती गॅरेजच्याच वाटेने जाते.