सशाला कोट घालणाऱ्या पॉटरबाई



पीटर सशाची गोष्ट आमच्या बाईंनी वर्गात चित्रं दाखवून सांगितली. ती गोष्ट लिहिणाऱ्या आणि चित्रंही स्वतःच काढणाऱ्या लेखिकेचं नाव बिअट्रिक्स पॉटर. त्यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडन शहरात झाला. घर श्रीमंत, पण त्यांना शाळेत घातलं नाही. शिकवायला बाई घरी यायच्या. मग सोबतीला कोण? तर ससे, उंदीर, बेडूक, वटवाघूळ! त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ ही जनावरं तासन्‌तास बघून चित्रं काढत. एखादं मेलं तर त्याची हाडंसुद्धा उकळून साफ करत आणि बघून काढत. आमच्याकडे असं केलं तर आजी घरात घेणार नाही.

१८९३ साली त्यांच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. पॉटरबाईंनी त्याला पत्रातून चार सशांची गोष्ट लिहिली व मधेमधे चित्रं काढली. पुढे तेच पत्र परत मागून घेऊन त्याचं पुस्तक केलं. छापायला कोणी तयार होईना. तेव्हा १९०१ साली पदरच्या पैशानं २५० प्रती छापल्या. १९०२ साली एका प्रकाशकानं ते रंगीत चित्रांसह काढलं. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढंच हवं, हा त्यांचा हट्ट. ते आजही मिळतं.

गोष्टीत पीटर मॅग्रेगरच्या भाजीच्या मळ्यात शिरून मुळे खातो. मॅग्रेगर मागे लागतो. बूट पडतात, कोट जाळीत अडकतो, आणि मॅग्रेगर त्यांचं बुजगावणं करतो! मला एक जागा फार आवडते. बूट गेल्यावर पीटर चार पायांवर पळतो आणि जास्तच जोरात पळतो. म्हणजे कोट वरचा, आतला ससा खराखुरा. पीटरच्या वडिलांना मॅग्रेगरच्या बायकोनं शिजवलं होतं, हेसुद्धा सुरुवातीलाच सांगितलंय. लहान मुलांपासून लपवलं नाही, हे मला पटलं. आमचे आप्पा मात्र मॅग्रेगरच्या बाजूनं. म्हणाले, "तू हरभरा पेरून बघ, मग सशाचं कौतुक कर."

पॉटरबाईंनी भूछत्रांचीही खूप चित्रं काढली. १८९७ साली त्यांचा भूछत्रांवरचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण तो दुसऱ्यानं मांडला. बायकांना त्या सभेत येऊ देत नसत. हे ऐकून वर्गातल्या सगळ्या मुली चिडल्या. मी तर लईच.

१९०५ साली त्यांनी डोंगराळ भागात हिल टॉप नावाचं शेत घेतलं. तिथलं घर आणि बाग त्यांच्या पुस्तकांतल्या चित्रांत आहे. पुढे त्या मेंढरं पाळू लागल्या. हर्डविक जातीची मेंढरं त्यांना बरोबर पारखता येत. १९४३ साली त्या वारल्या, तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन गेल्या. तिथं हर्डविक मेंढरंच चरत राहावीत, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

शेजारी चिकटवलेलं बुजगावणं मी काढलं आहे. ससा आमच्या रानातला बघून काढणार आहे, पण तो स्वस्थ बसतच नाही.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी