‘वरून हुकूम आहे’



कचेरीत अर्ज घेऊन जावे, तर कारकून खिडकीतूनच सांगतो, ‘वरून हुकूम आहे, काम होणार नाही.’ हे शब्द ऐकून आपले वाडवडील मुकाट्याने परत फिरत. या शब्दांना न्यायालय किती किंमत देते, ते मुंबईच्या एका खटल्यावरून पाहू.

गोरधनदास भानजी यांना अंधेरीस सिनेमागृह बांधायचे होते. परवानगी देण्याचा व रद्द करण्याचा अधिकार नियमाने पोलीस कमिशनरांचा. त्यांनी जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली. सप्टेंबरात त्यांचेच पत्र आले की, सरकारच्या निर्देशावरून कळविण्यात येते, परवानगी रद्द झाली आहे. प्रकरण न्यायालयात जाताच कमिशनर म्हणू लागले, निर्णय माझाच होता! सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हे मानले नाही. हुकमाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा, साहेबांनी मागाहून केलेल्या खुलाशावरून नव्हे. शिवाय कायद्याने ज्याला अधिकार दिला, त्यानेच तो स्वतःच्या बुद्धीने वापरला पाहिजे. दुसऱ्याचा निरोप पोचविणे म्हणजे निर्णय घेणे नव्हे. मग तो दुसरा खुद्द सरकार का असेना.

मात्र परवानगी ठेवायची की रद्द करायची, हे न्यायालयाने स्वतः ठरविले नाही. हरकतींचा विचार तुम्हीच करा व निर्णय द्या, असे कमिशनरांना बजावले. पुष्कळांची येथे निराशा होते. पण न्यायालय साहेबाच्या खुर्चीत बसत नसते, साहेबाला त्या खुर्चीचे काम करावयास लावते. अशा आदेशास आज परमादेश म्हणतात. अनुच्छेद २२६ खाली तो उच्च न्यायालयात मागता येतो. मूलभूत हक्क मोडला असेल तर अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयातही. हे अनुच्छेद ३२ म्हणजे संविधानाचा आत्मा होय, असे बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते.

तेव्हा तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. नकार कोणी दिला, कोणत्या नियमाखाली, कोणत्या कारणाने, हे लेखी मागावे. गोरधनदासांची सारी बाजू त्या एका पत्रातल्या शब्दांवर उभी होती.

सिनेमा बांधणाऱ्याला वकील परवडतो, आपले काय, असे कोणी विचारील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना व अनुसूचित जातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे जाताना जातीचा दाखला, अर्जाची पोच व नकाराचे पत्र बरोबर न्यावे.