प्रवेशाची माहिती आणि व्यवसायाचे गुपित

जून-जुलै महिना आला की खेड्यापाड्यांतील अनेक घरांत एकच चिंता असते. मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली असते, गुणही बरे असतात, प्रवेशाचा अर्ज वेळेवर भरलेला असतो. परंतु यादी लागते तेव्हा तीत नाव नसते. आपल्याहून कमी गुणांच्या विद्यार्थ्यास जागा मिळाली, अशी कुजबुज कानावर येते. ती खरी की खोटी, हे कळण्यास मार्ग नसतो. पालक कचेरीत जातात, तेव्हा “ही माहिती गोपनीय आहे” एवढे एकच उत्तर मिळते. हे उत्तर केव्हा योग्य आणि केव्हा अयोग्य, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

माहिती कोणाची?

विद्यापीठातील जागा ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्यासाठी इमारत, प्रयोगशाळा व अध्यापकांचे वेतन यांवर होणारा खर्च बव्हंशी जनतेच्या पैशातून होतो. म्हणून ती जागा कोणत्या नियमाने दिली, हे विचारण्याचा हक्कही जनतेचा आहे. गोवा विधानसभेने १९९७ मध्येच माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता. पुढे संसदेने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ संमत केला व १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे अंमलात आला.

या अधिनियमाप्रमाणे शासकीय विद्यापीठ हे ‘सार्वजनिक प्राधिकरण’ होय. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी खाजगी संस्थाही त्यातच मोडते. डी.ए.व्ही. महाविद्यालयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. जी संस्था असे साहाय्य घेत नाही, तिची माहितीदेखील शासन वा विद्यापीठ अन्य कायद्यान्वये तिच्याकडून मागवू शकत असेल, तर नागरिकास ती त्या शासकीय कार्यालयामार्फत मागता येते. खाजगी वैद्यकीय व दंतवैद्यक महाविद्यालयांतील प्रवेशांविषयी मध्य प्रदेशातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये निकाल दिला. प्रवेश न्याय्य, पारदर्शक व शोषणरहित असावेत, म्हणून राज्याने सामाईक परीक्षा घेणे त्यात योग्य ठरले.

गुपिताची मर्यादा

अधिनियमाच्या कलम ८ मध्ये काही अपवाद सांगितले आहेत. त्यांपैकी पोटकलम (१), खंड (घ) हा वाणिज्यिक गोपनीयता, व्यावसायिक गुपिते व बौद्धिक संपदा यांविषयी आहे. तो लक्षपूर्वक वाचला पाहिजे. माहिती व्यवसायाशी संबंधित आहे, एवढ्यानेच ती नाकारता येत नाही. ती उघड केल्याने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धेतील स्थानास हानी पोहोचेल, असे दिसले पाहिजे. आणि तशी हानी होणार असली, तरी व्यापक लोकहितासाठी माहिती देणे आवश्यक आहे अशी सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास ती देता येते.

हा अपवाद निरर्थक मुळीच नाही. परीक्षा होण्यापूर्वीची प्रश्नपत्रिका उघड झाली, तर परीक्षेलाच अर्थ उरणार नाही. प्रवेशाचे काम करणाऱ्या कंपनीने स्वतःच्या श्रमाने रचलेली संगणकीय आज्ञावली ही तिची मालमत्ता असू शकते. निविदा उघडण्यापूर्वी एका ठेकेदाराचे दर दुसऱ्यास सांगणे हा तर उघड अन्याय होईल. अशा गोष्टी झाकून ठेवणे योग्यच आहे.

परंतु गुपितालाही आयुष्य असते. सनदी लेखापालांच्या संस्थेविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर २०११ रोजी हाच विचार मांडला. प्रश्नपत्रिका व आदर्श उत्तरे परीक्षेपूर्वी गोपनीय असली, तरी परीक्षा झाल्यानंतर ती उघड केल्याने कोणाच्या स्पर्धात्मक स्थानास बाधा येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र परीक्षकांना विश्वासाने दिलेल्या सूचनांना त्याच निकालाने संरक्षण दिले. त्यापूर्वी ९ ऑगस्ट २०११ रोजी, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात, परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य झाला होता.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संघ लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, पूर्वपरीक्षेचे मूळ गुण व तत्संबंधी तपशील यांत्रिकपणे उघड करता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. परीक्षापद्धतीची अखंडता हेही लोकहितच आहे. तात्पर्य, प्रत्येक वेळी तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे, हे पाहावे लागते.

ब्रिटनमध्येही हा प्रश्न उद्भवला आहे. तेथे विद्यापीठप्रवेशाचे अर्ज ‘यूकास’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. ही संस्था व्यापारी सेवांतूनही उत्पन्न मिळविते. तरीसुद्धा नोव्हेंबर २०११ पासून तिला तेथील माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली आणण्यात आले. त्या कायद्यातही व्यापारी हितसंबंधांचा अपवाद आहे. परंतु तो लोकहिताशी तोलूनच लावावा लागतो.

आकड्यांनी काय साधते?

२००६ सालच्या आयआयटी संयुक्त प्रवेश परीक्षेत विषयवार किमान गुण गणितास ३७, पदार्थविज्ञानास ४८ व रसायनशास्त्रास ५५ असे होते. एका विषयात या रेषेखाली राहिलेला विद्यार्थी, एकूण गुण चांगले असूनही, यादीबाहेर राहत असे. हे आकडे कोणत्या पद्धतीने काढले, हा प्रश्न आयआयटी खरगपूर येथील प्राध्यापक राजीव कुमार यांनी माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊन चिकाटीने विचारला, आणि त्याचा पाठपुरावा न्यायालयापर्यंत गेला. तीन आकडे लहान दिसतात. परंतु त्यांच्यामागील पद्धत तपासता आली नाही, तर हजारो मुलांचे भवितव्य केवळ विश्वासावर सोडावे लागते.

आपली माहिती, दुसऱ्याची माहिती

प्रवेशाच्या कागदांत दोन प्रकारची माहिती मिसळलेली असते. मंजूर जागा, प्रवर्गनिहाय भरलेल्या जागा, शेवटच्या प्रवेशाचे गुण, रिक्त जागा, गुणवत्ता ठरविण्याचे सूत्र, फेऱ्यांच्या तारखा ही माहिती संस्थेच्या कारभाराची आहे. विद्यार्थ्याचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, वडिलांचे उत्पन्न, आजारपणाचा दाखला ही माहिती त्या विद्यार्थ्याची आहे. पहिली उघड असावी. दुसरी जपली जावी.

या संदर्भात एक बदल ध्यानात ठेवावा. पूर्वी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कार्याशी संबंधित नसेल, किंवा तिने खाजगी जीवनात अनुचित हस्तक्षेप होत असेल, तरच ती नाकारता येत असे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधील दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली, आणि आता वैयक्तिक माहितीस सरसकट अपवाद लागू झाला आहे. तथापि कलम ८, पोटकलम (२) कायम आहे. लोकहित हे संभाव्य हानीपेक्षा अधिक असेल, तर माहिती देता येते. शिवाय कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला कागद देण्याची सोय आहे. नावाऐवजी अर्जक्रमांक देऊनही गुणवत्ता यादी पडताळता येते. मात्र एखाद्या प्रवर्गात एकच विद्यार्थी असेल, तर नाव झाकूनही तो ओळखू येतो. अधिकाऱ्यांनी अशा ठिकाणी विशेष काळजी घ्यावी.

अर्ज कसा करावा?

अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. केंद्रीय नियमांप्रमाणे फी दहा रुपये आहे. राज्यांच्या नियमांत थोडा फरक असू शकतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी नाही. माहिती कशासाठी हवी, याचे कारण सांगण्याची गरज नाही. “माझ्यावर अन्याय का झाला?” असा प्रश्न न विचारता विशिष्ट कागद मागावा. उदाहरणार्थ, “अमुक अभ्यासक्रमाच्या प्रत्येक फेरीतील प्रवर्गनिहाय शेवटच्या प्रवेशाचे गुण दर्शविणाऱ्या नोंदीची प्रत द्यावी.” कार्यालयात नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचे बंधन नाही, हेही न्यायालयाने सांगितले आहे.

उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. नकार असेल तर कलम व कारण लिहून दिले पाहिजे. नुसता ‘गोपनीय’ हा शब्द पुरेसा नाही. त्रयस्थ पक्षाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करण्याचा विचार असेल, तर त्यास पाच दिवसांत नोटीस द्यावी लागते व म्हणणे मांडण्यास दहा दिवस मिळतात. त्याचे म्हणणे ऐकावे लागते. परंतु निर्णय अधिकाऱ्याचा असतो, कंपनीचा नव्हे. प्रवेशाचे काम ठेक्याने दिले, म्हणून प्रवेशाच्या नोंदी ठेकेदाराच्या होत नाहीत. त्या प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली असतील, तर त्या मागता येतात.

उत्तर पटले नाही, तर तीस दिवसांत पहिले अपील व त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. केंद्रीय विद्यापीठ असेल, तर दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. अपिलात, नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते. कारणाविना विलंब केल्यास त्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती होऊ शकते.

अखेरचा विचार

अधिकारी बंधूंनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कलम ४ प्रमाणे बरीचशी माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करावयाची असते. प्रवेशाचे आकडे यादीबरोबरच सूचनाफलकावर लागले, तर अर्जही कमी येतील व संशयही कमी होईल. शिक्षकांनी हा पाठ पालकसभेत वाचून दाखवावा व एखादा नमुना अर्ज सर्वांसमक्ष लिहून घ्यावा. माहिती मिळाली म्हणजे जागा मिळेलच असे नाही. पुष्कळदा आकडे पाहिल्यावर यादी योग्यच होती, असे दिसेल. पण तेही कळणे महत्त्वाचे आहे. आपले अपयश नियमाने आले, की कोणाच्या मर्जीने, हे ज्यास कळते तो विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा उमेदीने अभ्यासास बसतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. परीक्षेपूर्वीची व परीक्षेनंतरची प्रश्नपत्रिका यांत गोपनीयतेच्या दृष्टीने फरक का पडतो?
२. प्रवेशाच्या कागदांतील कोणती माहिती संस्थेच्या कारभाराची व कोणती विद्यार्थ्याची, याच्या दोन याद्या करा.
३. “ही माहिती आमच्या ठेकेदाराची आहे,” असे उत्तर मिळाल्यास अपिलात कोणते मुद्दे मांडाल?