सेवा-नोंदीतून सुटलेली युद्धपदके

प्रश्न : मुरबे येथील एका वाचकाचे वडील नौदलातून निवृत्त झाले असून, १९७१च्या युद्धात ते युद्धनौकेवर असतानाही त्यांच्या सेवा-पुस्तिकेत संबंधित पदकाची नोंद नाही. ती आता करून घेता येते का?

उत्तर : पदक शौर्याचे की मोहिमेचे, हा भेद येथे निर्णायक ठरतो. वीरचक्रासारख्या शौर्यपदकासाठी शिफारस आणि राजपत्रातील अधिसूचना आवश्यक असते, आणि त्यांच्या अभावी केवळ अर्जाने काही साधत नाही. मोहीमपदक मात्र ठरलेल्या काळात ठरलेल्या क्षेत्रात सेवा केल्याबद्दल दिले जाते. पश्चिमी स्टार व संग्राम पदक ही दुसऱ्या प्रकारची असल्याने खरा प्रश्न तेव्हाची नौका व नेमणुकीच्या तारखा सिद्ध करण्याचा आहे, आणि बहुतेक अर्ज नेमके येथेच अडतात, कारण कुटुंबाकडे आठवणी असतात, कागद नसतात. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईतील मानखुर्द येथील ब्युरो ऑफ सेलर्स या कार्यालयात ठेवल्या जातात. तेथे सेवा क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाची प्रत व नौकेचे नाव देऊन लेखी अर्ज करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशा पत्रव्यवहारात साहाय्य करते. नावाच्या स्पेलिंगमधील फरक आधी दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे ठरते. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये नेमणुकीच्या नोंदीची प्रत मागता येते. लेखी नकार आल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचा मार्ग उरतो, मात्र तेथे विलंबाचे कारण द्यावे लागते.