एक बॅटरी, चार प्रकाश : भातशेतीच्या रात्रपाहणीसाठी

कल्याण स्थानकापासून कसारा व कर्जत या दोन दिशांना लोहमार्ग फुटतात. त्यांच्या कडेने असलेल्या टिटवाळा, खडवली, वाशिंद, बदलापूर व वांगणी परिसरातील शेतकऱ्यांना रंगीत दिव्यांची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढील वर्षी, १८५४ मध्ये, हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या भागातील लोक रात्री लाल व हिरव्या दिव्यांची भाषा पाहत आले आहेत. गार्डच्या जुन्या हातबत्तीत ज्योत एकच असे. तिच्यापुढे लाल वा हिरवी काच फिरविली की त्याच ज्योतीचा अर्थ बदलत असे.

हीच युक्ती स्वस्तातील साध्या बॅटरीला लावल्यास भातशेतीत तिचा चांगला उपयोग होतो. भातावरील काही किडी दिवसा लपून राहतात व रात्री बाहेर पडतात. केवळ दिवसा पाहणी करणाऱ्या शेतकऱ्यास किडीऐवजी तिने केलेले नुकसानच प्रथम दिसते. परंतु पांढरी बॅटरी घेऊन शेतात गेल्यास उजेडाने काही किडी उडून येतात, तर काही दडून बसतात. म्हणून ज्या कामासाठी जावयाचे त्या कामाचा प्रकाश हाती असला पाहिजे.

रंग कसा तयार होतो ?

पांढऱ्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग मिसळलेले असतात. लाल कागद प्रकाशात लाल रंगाची भर घालीत नाही. तो इतर रंग अडवितो व लाल तेवढा पुढे जाऊ देतो. त्यामुळे कोणताही रंगीत कागद लावला की उजेड कमी होतो. हा दोष नसून कागद आपले काम करीत असल्याची ती खूण आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या तारेच्या बल्बच्या प्रकाशात लाल व पिवळा भाग अधिक आणि निळा फार थोडा असतो. त्याच्यापुढे निळा कागद धरल्यास प्रकाश अगदी मंद होतो. हल्लीच्या पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश निर्माण होतो व त्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. म्हणून एलईडीवर निळा कागद चांगला उजळतो. लाल प्रकाश मात्र त्या मानाने मंद पडतो. बॅटरी विकत घेताना तिच्यात कोणता दिवा आहे हे यासाठी पाहून घ्यावे. या कामास एलईडीची बॅटरी अधिक सोयीची पडते.

किडीची दृष्टी व माणसाची दृष्टी

बहुतेक किडींना लाल रंग फारसा दिसत नाही. निळा, जांभळा आणि माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश त्यांना अधिक जाणवतो. रात्री उडणारे पतंग निळसर पांढऱ्या दिव्यावर गर्दी करतात व पिवळ्या दिव्यावर कमी येतात, त्याचे कारण हेच होय.

माणसाच्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यास सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात. पांढऱ्या उजेडाचा झोत एकदा डोळ्यांवर आला की ही सवय मोडते. मंद लाल प्रकाशाने ती फारशी मोडत नाही. म्हणून जवळून निरीक्षण करण्यासाठी व वहीत नोंद घेण्यासाठी लाल प्रकाश उत्तम होय.

साहित्य

सुमारे ४ सें. मी. व्यासाची काच असलेली बॅटरी, जाड पुठ्ठा, लाल, पिवळा व निळा जिलेटिन कागद, ३ सें. मी. जाडीचा लहान लाकडी ठोकळा, एक स्क्रू, दोन वायसर, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, खळ किंवा डिंक आणि थोडे मेण. गणपतीच्या मखरासाठी आणलेल्या कागदाचे उरलेले तुकडेही चालतात.

कृती

(१) पुठ्ठ्याच्या १३ सें. मी. व्यासाच्या दोन सारख्या चकत्या कापाव्यात. प्रत्येकीच्या मध्यबिंदूपासून ४ सें. मी. अंतरावर समोरासमोर चार खुणा कराव्यात व त्या खुणांभोवती ४ सें. मी. व्यासाची चार भोके पाडावीत.

(२) एका चकतीच्या तीन भोकांवर अनुक्रमे लाल, पिवळा व निळा कागद चिकटवावा. चौथे भोक उघडे ठेवावे. तोच पांढरा प्रकाश. एलईडीसाठी लाल कागदाचे दोन थर घ्यावेत. नंतर दुसरी चकती भोकावर भोक येईल अशी वरून चिकटवून वजनाखाली वाळू द्यावी.

(३) वाळलेल्या पुठ्ठ्यावर मेण चोळावे, म्हणजे पावसाच्या शिंतोड्यांनी तो फुगणार नाही. भोकांतील कागदास मेण लावू नये.

(४) लाकडी ठोकळा बॅटरीच्या तोंडाजवळ, काचेच्या कडेशी समपातळीत ठेवून ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट बांधावा. काचेच्या मध्यापासून ४ सें. मी. अंतरावर ठोकळ्यात स्क्रू यावा. बॅटरीचे तोंड लहानमोठे असल्यास ठोकळ्याची जाडी त्याप्रमाणे कमीजास्त करावी.

(५) चकतीच्या पुढे व मागे एकेक वायसर घालून ती स्क्रूने बसवावी. स्क्रू इतकाच आवळावा की चकती बोटाने फिरेल, पण आपोआप ढळणार नाही. प्रत्येक रंगाजवळ कडेला अनुक्रमे एक, दोन, तीन खाचा पाडाव्यात. म्हणजे अंधारात बोटाने चाचपून रंग ओळखता येईल.

चाचणी

अंधाऱ्या खोलीत एक लाल मिरची व भाताचे एक हिरवे पान घ्यावे. निळ्या प्रकाशात मिरची काळपट दिसली पाहिजे. लाल प्रकाशात पान काळपट दिसले पाहिजे. तसे न दिसल्यास कागद फिका आहे असे समजून आणखी एक थर द्यावा.

याच चाचणीतून दुसराही धडा मिळतो. रंगीत प्रकाशात वस्तूचा खरा रंग कळत नाही. पान पिवळे पडले आहे की नाही, त्यावरील ठिपके करपा रोगाचे आहेत की अन्य कशाचे, याचा निर्णय रंगीत प्रकाशात कधीही करू नये. तो दिवसाउजेडीच करावा.

शेतातील उपयोग

*लाल प्रकाश :* लष्करी अळी दिवसा चुडाच्या बुंध्याशी व ढेकळांखाली लपते. रात्री ती वर चढून पाने व पुढे लोंब्या कुरतडते. बांधावर एका जागी उभे राहून लाल प्रकाशात जवळचे चूड पाहिल्यास अळ्या काम करीत असताना आढळतात. बांध पोखरणारे खेकडे कोणत्या बिळातून बाहेर येतात हेही अशाच रीतीने हेरता येते व सकाळी ती बिळे बुजविता येतात.

*निळा प्रकाश :* खोडकिड्याचे पतंग येऊ लागले आहेत काय, हे पाहण्यासाठी बांधावर दोन काठ्यांना पांढरे धोतर ताणून बांधावे व त्यावर निळा झोत सोडावा. सायंकाळी ७ ते ८ या वेळेत बसणारे पतंग मोजावेत. मादी पतंगाच्या पिवळ्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. तो ओळखण्यापुरता क्षणभर पांढरा प्रकाश टाकावा. दर तिसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी मोजणी करून आकडा, पाऊस, वारा व चंद्राची तिथी लिहून ठेवावी. चांदण्या रात्री पतंग दिव्याकडे कमी येतात, म्हणून पौर्णिमेचा आकडा अमावास्येच्या आकड्याशी ताडून पाहू नये. डोंबिवली, कल्याण यांसारख्या शहरांलगतच्या शेतांत रस्त्यावरील दिवे पतंगांना ओढून घेतात. तेथे दिव्यांपासून दूरची जागा निवडावी.

पतंग वाढले म्हणून लगेच औषध फवारू नये. मोजणी ही केवळ सूचना होय. पुढील आठवड्यात दिवसा शेतात फिरून पानांच्या शेंड्यांवरील अंडीपुंज व गाभेमर झालेले फुटवे मोजावेत. समजा, २० चुडांत मिळून २०० फुटवे आहेत व त्यांपैकी १० सुकले आहेत, तर नुकसान ५ टक्के झाले. ही पातळी गाठली गेल्यास, किंवा प्रत्येक चौरस मीटरला सरासरी एक अंडीपुंज आढळल्यास, कृषि विभागाच्या अथवा कृषि विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने उपाय योजावा.

*पिवळा प्रकाश :* रोपे मोजणे, अवजार दुरुस्त करणे, खळ्यावरील पोती शिवणे अशा कामांसाठी हा प्रकाश वापरावा. भोवती किडी कमी जमतात व हात सुखाने चालतो.

तीन इशारे

पहिला इशारा जिवाचा आहे. चालताना नेहमी पांढराच प्रकाश ठेवावा. लाल प्रकाशात तपकिरी घोणस मातीत मिसळून जाते व मण्यारीचे पट्टे नीट उठून दिसत नाहीत. पायांत गमबूट, हातात काठी व सोबत एक माणूस असल्याखेरीज रात्री भातखाचरात उतरू नये. रंग बदलायचा तो एका जागी उभे राहून, पायांभोवतीची जागा पांढऱ्या उजेडात पाहून झाल्यावरच बदलावा. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास तात्काळ रुग्णालयात न्यावे.

दुसरा इशारा लोहमार्गाचा आहे. रेल्वेत लाल दिवा म्हणजे ‘थांबा’. लाल दिवा जवळ नसताना पांढरा दिवा जोराने हलविला, तरी त्याचा अर्थ तोच होतो. हिरव्या दिव्याने तर गाडीस पुढे जाण्याची खूण मिळते. रुळालगतच्या शेतात कोणत्याही रंगाचा झोत रुळाकडे वळवू नये व बॅटरी झुलवीत चालू नये. शेतीच्या कामात हिरव्याचा वेगळा उपयोग नाही, म्हणून या चकतीत हिरवा रंग मुद्दामच घेतलेला नाही. ही चकती मुलांच्या हाती खेळण्यास देऊ नये.

तिसरा इशारा अपेक्षेचा आहे. निळ्या झोताने कीड मरत नाही, व बॅटरी ही प्रकाश सापळ्याची जागा घेऊ शकत नाही. प्रकाशाकडे शेतकऱ्याचे मित्रकीटकही ओढले जातात. म्हणून तासाभराची मोजणी संपताच दिवा बंद करावा. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडणे, कापणीनंतर धसकटे नांगरून काढणे व नियमित पाहणी ही खोडकिड्याविरुद्धची खरी कामे आहेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा धडा सभागृहात न देता संध्याकाळी बांधावर द्यावा. प्रथम मिरची व पान यांची चाचणी करून दाखवावी. नंतर ताणलेल्या धोतरावर पंधरा मिनिटे पिवळा व पंधरा मिनिटे निळा प्रकाश टाकून दोन्ही वेळी आलेल्या किडी शेतकऱ्यांकडूनच मोजून घ्याव्यात. अखेरीस गावातील दोन जबाबदार शेतकऱ्यांकडे मोजणीची वही सोपवावी व दर आठवड्यास तिच्यातील आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहवून घ्यावेत. आपल्या शिवारात कीड केव्हा आली हे गावाला स्वतःच्या नोंदीवरून कळू लागले, म्हणजे शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारावे, ही चाल कमी होईल व औषधाचा पैसा वाचेल.